पटावरून कमी

५ जुलै १९९१

बाबांनी कंपनीतून डायरी आणली. गेल्या वर्षीची, कोणी नेली नाही म्हणून उरलेली. तारखा बरोबर आहेत, वार सगळे चुकीचे. म्हणून लिहायला बसण्याआधी पानावरचा वार खोडायचा असं ठरवलंय. आई म्हणाली, दहावीचं वर्ष आहे, डायऱ्या कसल्या खरडतेस, गणितं सोडव. म्हटलं, सोडवून झाली, तपासायची असतील तर ये. आई आत निघून गेली. तिला माहीत आहे मी खोटं बोलत नाही.

तर मी सुनंदा दौलतराव. बदलापूर पूर्व, दहावीची एकच तुकडी, त्रेचाळीस जणं. पाचवीपासून मॉनिटर मी आणि पहिला नंबरही माझाच. फक्त सातवीत भगवान दोन मार्कांनी पुढे गेला होता, ते मी विसरलेले नाही. बाबा एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत आहेत. ते म्हणतात, आपल्यात शिकायचं म्हणजे नुसतं पास व्हायचं नसतं, पहिलं यायचं असतं, तेव्हा कुठे लोक बसायला खुर्ची देतात.

माझ्या बाकावर पहिलीपासून काशी. शिरगावची. वडील नाहीत, आई दुसऱ्यांच्या शेतावर जाते, थोडं स्वतःचं भात. काशी कबड्डीची कॅप्टन. ऑफिसात कपाटावर जी ढाल ठेवलीय ती तिनेच आणलेली. इंग्रजी आणि गणितात मात्र नुसती बोंब. तिला नर्स व्हायचंय आणि त्याला दहावी पास लागते. नुसती पास, पस्तीस टक्के. नाहीतर वांगणीचं एक स्थळ मामाने बघून ठेवलंय. पोरगी दहावीला आहे म्हणून ते लोक थांबलेत. काल म्हणाली, "सुने, मला पस्तीसपर्यंत ओढ, जन्मभर तुला फुकट इंजेक्शनं देईन." म्हटलं, हात लावलास तर बघ.

१८ जुलै

घटक चाचणीचे पेपर मिळाले. मला पंचवीसपैकी चोवीस. एक मार्क सरांनी पट्टीने रेघ मारली नाही म्हणून कापला, खडूसपणा नुसता. काशीला चार.

वर्गशिक्षकांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. (त्यांचं नाव इथे लिहिणार नाही. नुसतं सर.) गेल्या वर्षी निकाल शहाण्णव टक्के लागला, दोघांमुळे बट्टा लागला म्हणाले. या वर्षी हेडसरांना शंभरच पाहिजे. गेटवरच्या बोर्डासाठी पेंटरला आत्ताच सांगून ठेवलंय. खाली पहिल्या नंबराचं नाव येणार, तेही रंगात. मग सरांनी तीन कच्च्या मुलांची नावं दाखवली. दोन मुलांचे बाप येऊन भांडून गेले, त्यामुळे त्यांना आपण ओढू म्हणाले. तिसरं नाव काशीचं होतं. तिला बाहेरून बसवलं तर तिच्यावर दडपण येणार नाही, तिचंच भलं, असं सर म्हणाले. मला त्यांनी हे सगळं मोठ्या माणसाला सांगावं तसं सांगितलं.

२४ जुलै

आज शाळा सुटल्यावर शिरगावला जाऊन आले. काशी चार दिवस लावणीसाठी घरी आहे. सरांनी एक घडी घातलेला कागद दिला आणि निळ्या शाईचा पॅड. काशीच्या आईचा अंगठा आण म्हणाले, दहावीच्या फॉर्मचं आहे, सगळ्यांचंच घेतोय. माझ्या बाबांची सही अजून घेतली नाही, पण घेतील क्रमाने.

कौसाबाई, म्हणजे काशीची आई, बांधावर आली. गुडघ्यापर्यंत चिखल. "काय गो बाय, चिखलात कशाला आयलीस?" मी कागदाचं सांगितलं. ती म्हणाली, "तू वाचलंस ना?" मी हो म्हटलं. "मंग दाव, कुठं लावायचा त्यो." तिने खाचरातल्या पाण्यात हात धुतला, पदराला पुसला आणि अंगठा पुढे केला.

खरं तर मी वाचला नव्हता. दुसऱ्यांचे कागद वाचायची मला सवय नाही. अंगठ्यासाठी घडी उघडावी लागली, पण माझं लक्ष तिच्या हाताकडे होतं. काशी पार त्या टोकाला होती. तिथूनच ओरडली की भूगोलाचं पाठवून दे. मी हात केला. चप्पल तुटली ती वेगळीच.

१ ऑगस्ट

काशी आली नाही. हजेरीत एकोणीस नंबरवर लाल रेघ आणि पुढे सरांच्या अक्षरात 'पटावरून कमी'. मी सरांकडे बघितलं. ते म्हणाले, आईने अर्ज केला, दाखला देऊन टाकला, आता बाहेरून बसेल ती. वीस नंबरची अंजनी आता एकोणीस झाली, तिलाच हजेरीला 'हजर' म्हणताना कसंतरी झालं. वर्गात कोणीतरी विचारलं, काशी का नाही? मी फळ्यावर 'शांतता राखा' लिहिलं.

बाकावर आता मी एकटीच. दप्तर ठेवायला जागा झाली.

११ ऑगस्ट

बाजारात कौसाबाई भेटली. मला बघून डोळ्यांत पाणी. म्हणाली, काशीने शाळा सोडली. "बोलतंय काय, मनाच नको शाळा, मीच सांगितलं सरांना. लाटण्यानं मारली गो मी तिला. हाडं मोडून शिकवली आन् ऐन वक्ताला माती केली. तू तरी समजाव."

म्हणजे काशीलाच नको होतं. मी उगाच दहा दिवस जेवण गोड लागत नाही म्हणून बसले होते. एवढं नर्स व्हायचंय, नर्स व्हायचंय, सगळी नाटकं. कौसाबाईला म्हटलं, बोलते मी तिच्याशी. घरी येऊन दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

१९ सप्टेंबर

सकाळी क्लासला जाताना रिक्षास्टँडवर काशी दिसली. चार बायकांबरोबर अंबरनाथ एमआयडीसीच्या शेअर रिक्षात बसत होती. औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावते. बोटांची कातडी निघालीय. मला बघून उतरली, रिक्षावाल्याला म्हणाली, दो मिनिट रुक भाई.

मी विचारलं, फॉर्म भरलास? ती म्हणाली, बाहेरून बसायची तारीख दाखला हातात मिळायच्या आदल्या दिवशीच संपली होती. क्लार्क बोलला, पुढच्या वर्षी. मी म्हटलं, पुढच्या वर्षी तर पुढच्या वर्षी, एवढं काय. मग ती माझ्याकडे बघत म्हणाली, "दाखल्यावर लिहिलंय, पालकांच्या अर्जावरून." मी म्हटलं, ऑफिसात असंच लिहितात गं. तिने रिक्षावाल्याला हाताने अजून थांब म्हटलं. मग गणिताच्या वहीची झेरॉक्स मागितली. देते म्हटलं.

शाळाच नको म्हणणारीला वही कशाला हवी? तिचं मला काही समजत नाही.

२ ऑक्टोबर

झेरॉक्सचं राहून गेलं. वही मलाच लागते.

९ डिसेंबर

सरांनी हस्तलिखिताचं काम दिलं. दर वर्षी दहावीचा वर्ग शाळेला एक हस्तलिखित भेट देऊन जातो. प्रत्येकाने शाळेची एक आठवण लिहायची आणि चांगल्या अक्षरवाल्याने सगळ्या आठवणी ड्रॉइंग पेपरवर उतरवायच्या. चांगलं अक्षर कोणाचं ते सांगायला नको. निरोप समारंभात भाषणही माझंच. भगवानला चित्रं काढायला सांगितलीत. तो 'बघतो' म्हणाला. त्याला नेहमी भाव खायचा असतो.

६ जानेवारी १९९२

बेचाळीस पानं जमली. आज सगळी वाचून काढली आणि डोकं फिरलं.

पाचवीत शिवमंदिराला सहल गेली, कोणाची तरी चप्पल नाल्यात वाहून गेली, काशीने उतरून आणली. सहावीत एमआयडीसीकडून तो घाणेरडा वास आला आणि दोन मुली चक्कर येऊन पडल्या, काशीने एकीला पाठुंगळी घेऊन दवाखाना गाठला. आठवीत उल्हासनगरला कबड्डीची फायनल, शेवटच्या चढाईत तिघींना मारून आली, समोरच्या शाळेच्या सिंधी बाईसुद्धा 'क्या लडकी है साईं' म्हणाल्या. अंजनीने लिहिलंय, तिची आई गेली तेव्हा काशी आठ दिवस रोज शिरगावहून भाकरी घेऊन येत होती. हे मला माहीतच नव्हतं. मीही त्याच वर्गात होते.

बेचाळीसपैकी सत्तावीस पानांत काशी आहे. मी तीन पानांत आहे. तिन्ही ठिकाणी मी बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिते आहे.

८ जानेवारी

सरांना पानं दाखवली. त्यांनी पाच-सहा वाचली आणि कपाळाला आठी घातली. जी मुलगी पटावर नाही तिचं नाव शाळेच्या कागदात नको, पाहुणे येतात, प्रश्न विचारतात. नाव काढ, प्रसंग राहू दे. मी विचारलं, मग नावाच्या जागी काय लिहू? म्हणाले, 'एक मुलगी' लिही.

२१ जानेवारी

पंचवीस पानं उतरवून झाली. आता हाताला सवय झालीय, 'काशी' दिसलं की पेन आपोआप 'एक मुलगी' लिहितं. अक्षर मात्र अप्रतिम आलंय. मार्जिनला वेलबुट्टी काढली.

भगवानने मधल्या सुट्टीत माझ्यामागे उभं राहून वाचलं. मग आपलं पान मागितलं. मी म्हटलं, उतरवून झालंय. तर त्याने उतरवलेलं पानच ओढून घेतलं आणि शांतपणे घडी करून खिशात घातलं. मी म्हटलं, सरांनी सांगितलंय. तो म्हणाला, "तू वर्गाच्या आठवणी लिहीत नाहीयेस. सरांचा जबाब लिहितेयस." चित्रंही काढणार नाही म्हणाला.

आला मोठा शहाणा. दोघंही एकाच वस्तीत राहतो, एकाच विहारात जातो, त्याला कळायला पाहिजे पहिल्या नंबरवर टिकणं काय असतं ते. सगळं आपल्याला बोलून दाखवता येत नाही. पाहुण्यांच्या समोर सर माझं नाव घेतात, त्याचं नाही, ही खरी पोटदुखी आहे. फुलं मीच काढीन. मला मोर जमत नाही, पण कमळ जमतं.

२ फेब्रुवारी

वर्गातर्फे शाळेला घड्याळ द्यायचं ठरलं म्हणून सहा जण उल्हासनगरला गेलो. दुकानदाराने चार घड्याळं काढली, प्रत्येकावर वेगळा देश लिहिलेला, मागचं मशीन मात्र सारखंच. अंजनी म्हणाली, काशी असती तर याला घाम फोडला असता. खरं आहे. आम्ही पहिल्या भावालाच हो म्हणून आलो.

१५ फेब्रुवारी

आज निरोप समारंभ झाला. 

पाहुणे म्हणून एमआयडीसीतले एक कारखानदार होते. पालकांनाही बोलावलं होतं. बाबा शिफ्ट बदलून, इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत. माझं भाषण छान झालं. दहा वर्षं एका कुटुंबासारखे राहिलो, एकालाही मागे सोडलं नाही, असं वाक्य होतं, त्यावर टाळ्या पडल्या. ते वाक्य सरांनी घातलेलं.

मग पाहुण्यांनी हस्तलिखित चाळायला घेतलं. बरे गृहस्थ असावेत, नुसती फीत सोडून ठेवून दिलं नाही, वाचायलाच लागले. तेही माईकवर. एका मुलीने नाल्यात उतरून चप्पल आणली. पान उलटलं. एका मुलीने मैत्रिणीला पाठीवर घेतलं. पान उलटलं. एका मुलीने तिघींना बाद केलं. ते हसायला लागले. म्हणाले, अहो, ही एक मुलगी आहे तरी कोण? मला तिला बघायचंय. उभी राहा बेटा.

कोणी हललं नाही. बेचाळीस जणं जमिनीकडे बघत होती. हेडसर सरांकडे बघायला लागले. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि बोट जरासं वर केलं, वर्गात उत्तर द्यायला उठवतात तसं.

मी उभी राहिले.

पाहुण्यांनी स्वतः टाळ्या वाजवल्या, मग सगळ्या हॉलने वाजवल्या. सगळे पालक वाजवत होते. वर्गातलं कोणी वाजवत नव्हतं. भगवान उठला आणि मधल्या वाटेने चालत बाहेर गेला. मला स्टेजवर बोलावून गुलाब दिला. पाहुणे म्हणाले, अशा मुलीच देश घडवतात.

ग्रुप फोटोत मी सरांच्या शेजारी आहे. भगवान फोटोत नाही.

१६ फेब्रुवारी

बाबांनी काल घरी येऊन इस्त्रीचा शर्ट घडी करून ठेवला. आज सकाळी चहा पिताना विचारलं, तू कबड्डी कधी खेळलीस? मी म्हटलं, ते असंच, कार्यक्रमात गडबड झाली. मग ती मुलगी कोण? म्हटलं, काशी. काशी कुठे आहे? मग एकेक विचारत गेले आणि एकेक बाहेर येत गेलं. कागदापर्यंत आलं. पॅडपर्यंत आलं. बाबांनी कप खाली ठेवला.

"माझ्या बापाने असाच एका कागदावर अंगठा लावला होता. वाचून दाखवणारा गावातला शिकलेला माणूस होता. म्हणाला, तुझंच नाव लावायचंय. दुसऱ्या वर्षी जमिनीवर नाव त्याचं. म्हणून मी रात्रशाळेत शिकलो, म्हणून तुला शिकवलं. आणि शिकून तू तोच माणूस झालीस."

मी म्हटलं, मी वाचला नव्हता बाबा. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, परीक्षा दे. नंतर त्या बाईकडे जाऊन स्वतःच्या तोंडाने सांग. तोवर माझ्याशी बोलायची गरज नाही.

१७ फेब्रुवारी

खोटं लिहिलं होतं. इथेसुद्धा, जिथे कोणी बघत नाही तिथेसुद्धा.

वाचला होता मी. शाळेच्या गेटबाहेरच घडी उघडून वाचला होता. 'घरगुती अडचणीमुळे माझ्या मुलीस यापुढे शाळेत पाठविणे शक्य नाही, तरी तिचा दाखला मिळावा ही विनंती.' चार ओळी. पाठ आहेत. बांधावर कौसाबाईने विचारलं, वाचलंस ना, आणि मी हो म्हटलं, तेवढंच एक त्या दिवशी मी खरं बोलले.

का केलं? सरांनी सांगितलं म्हणून, हे उत्तर बाबांना दिलं. बोर्डावर नाव येणार होतं, हेही खरं. पण वर्गात मी मॉनिटर आणि वर्ग मात्र काशीचा, हे मला पाचवीपासून सलत होतं. ती आत आली की सगळे हसायचे. मी आत आले की सगळे गप्प बसायचे. ती गेली की वर्ग माझा होईल असं मला वाटलं होतं. झाला नाही, ते सोडा.

४ मार्च

मराठीचा पेपर सोपा होता. माझ्या पुढच्या बाकावर दुसऱ्या शाळेची मुलगी होती, हातावर मेंदी, बाहेरून बसलेली. तीन तास तिच्या वेणीकडे बघत लिहिलं. भगवान पेन विसरला होता, मी माझं जास्तीचं पुढे केलं. त्याने पर्यवेक्षकांकडून मागून घेतलं.

१७ जून

निकाल. चौऱ्याऐंशी टक्के. शाळेत पहिली. शाळेचा निकाल शंभर टक्के, बेचाळीसपैकी बेचाळीस. ती दोन कच्ची मुलंसुद्धा काठावर निघाली. सर म्हणाले, बघ, मी बोललो नव्हतो? मला वाटलं, मग काशीही निघाली असती. सरांना हे म्हटलं नाही. पेंटर शिडीवर चढून माझं नाव लिहीत होता.

आईने पेढे आणले. बाबांनी बॉक्स उचलून फळीवर ठेवला. चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले. म्हणाले, आधी शिरगाव.

२१ जून

आज गेले. रविवार, म्हणून दोघी घरात होत्या. दारात मांडवाच्या मेढी पडलेल्या. वांगणीचं स्थळ पक्कं झालंय, चार दिवसांनी लग्न. काशी तांदूळ निवडत होती. मला बघून उठली, पाट दिला. कौसाबाईने माझी अलाबला घेतली, बोटं मोडली. पहिला नंबर आल्याचं तिला कळलं होतं. "माझ्या कार्टीला सांगत व्हते, सुनंदाच्या पायाचं पानी पी. हिनं मातेरं केलं, आता जा चुलीपुढं."

काशी खाली मान घालून तांदूळ निवडत राहिली.

मी एका दमात सांगितलं. थांबले असते तर पुन्हा जमलं नसतं. तो कागद फॉर्मचा नव्हता, दाखल्याचा होता, मी वाचला होता, मी खोटं सांगितलं. काशीने शाळा सोडली नव्हती. अंगठ्याने सुटली. सगळं सांगितलं आणि कौसाबाईच्या पाया पडले. मला रडू येत होतं आणि खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं, ताप उतरल्यासारखं.

कौसाबाईला आधी समजलंच नाही. मी परत सांगितलं. मग ती काशीकडे वळली. "तू तर बोललीस, मनाच नको." काशीने तांदळाचं सूप खाली ठेवलं. कौसाबाई उठून चुलीपाशी गेली, कालवण उकळत होतं ते उतरवलं, परत आली. मला म्हणाली, तुझा काय दोष बाय, मास्तरानं सांगितलं, तू पोर. बस, जेवून जा. मग आपल्या अंगठ्याकडे बघितलं आणि तो हात पदराखाली घेतला. जेवण होईपर्यंत तिने तो बाहेर काढला नाही. डाव्या हाताने वाढलं.

काशी मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. मी म्हटलं, तुला कधीपासून माहीत होतं? म्हणाली, दाखला घेतला त्या दिवशी. क्लार्कने अर्ज दाखवला, खाली आयेचा अंगठा. आणि पॅड घेऊन कोण आलेलं ते तिने शेताच्या टोकावरून बघितलंच होतं.

म्हटलं, मग मला शिव्या का घातल्या नाहीस? आईला का नाही सांगितलंस? तिने तुला मारलं.

"मारलं तर मारलं. चार दिवस दुखलं." ती चालता चालता थांबली. "आयेला कळलं असतं की तिच्या हातानं माझी शाळा गेली, तर ती जगली असती का गं नीट? म्हणून बोलले, मलाच नको. वर्षभर तिच्या शिव्या खाल्ल्या. मी सासरी गेल्यावरपण ती मलाच बोलत बसली असती, चाललं असतं. आता ती एकटी घरात बसून त्या अंगठ्याकडे बघणार. तुला सांगून मोकळं व्हायचं होतं, तू झालीस. जा आता. लग्नाला येऊ नको."

ती वळली आणि घराकडे चालायला लागली. शिरगावच्या नाक्यावर रिक्षा नव्हती. चालत आले.

घरी बाबा वाट बघत होते. सांगितलंस? हो. काय म्हणाल्या? मी म्हटलं, माफ केलं, जेवायला वाढलं. बाबांचे डोळे भरून आले. बघ, म्हणाले, गरिबाचं मन केवढं असतं. खरं बोललं की माणूस सुटतो. मग फळीवरून बॉक्स काढला, पहिला पेढा माझ्या तोंडात घातला आणि शेजाऱ्यांना वाटायला बॉक्स माझ्याच हातात दिला. मी सगळ्या चाळीत वाटून आले.